दोष आणि दोषारोप

जी वस्तु मोडली आहे ती मोडली आहे, याविषयीं कोणाचें दुमत होत नाहीं. रहाटाचा दोर तुटला, कंदिलाची कांच फुटली, पंखा फिरेनासा झाला, म्हणजे माणूस मुकाट्यानें दुरुस्तीच्या मार्गाला लागतो. विवेकाची खरी कसोटी पाहणारा दोष याहून निराळ्या जातीचा असतो. तो असतो आणि नसतो; आपण एकटे असतां प्रगट होतो व कारागीर दारांत येतांच नाहींसा होतो. वैद्यापुढें बसल्याबरोबर ज्याचें पोट दुखावयाचें थांबतें अशा रोग्याची जी अवस्था, तीच असल्या यंत्राच्या मालकाची. रोग्याला निदान आपलें दुखणें खरें होतें एवढी तरी खात्री असते. मालकाला तीहि उरत नाहीं. असल्या एका दोषानें माझ्या घरांत आठ महिने मुक्काम केला, आणि त्या मुदतींत मीं एका निरपराध मुलाला चारचौघांत लबाड ठरविलें. ही हकीकत मी सांगतों ती पश्चात्तापाचें प्रदर्शन करावें म्हणून नव्हे. तिच्यांत कार्यकारणभावाचा एक प्रश्न गुंतला आहे. तर्काच्या पुस्तकांत तो फार सोपा दिसतो. नारायणगांवांतील माझ्या माडीवर तो तितका सोपा राहिला नाहीं.

माझा संगणक टेबलाखालीं ठेवावयाचा, मोठ्या पेटीचा आहे. हल्लींच्या मांडीवरच्या संगणकांच्या मानानें तो बोजड खरा. परंतु म्हाताऱ्या डोळ्यांना मोठा पडदा लागतो व म्हाताऱ्या बोटांना मोठीं बटणें लागतात, म्हणून मीं तो सोडला नाहीं. बाहेरून तारेनें आलेलें इंटरनेट घरभर बिनतारी पसरविणारा राउटर खालीं ओटीवर आहे. तेथून वर तार न्यावयाची तर जुनी भिंत फोडावी लागली असती. त्याऐवजीं संगणकाच्या पाठीमागील खांचेंत एक वायरलेस कार्ड बसविलें होतें. कार्ड म्हणजे तळहाताएवढी एक पट्टी. तिच्या दोन अँटेना आंखूड शिंगांसारख्या पेटीच्या मागें, भिंतीच्या बाजूस डोकावतात. तीन वर्षें हें कार्ड निमूटपणें चाललें. गेल्या वर्षीं आषाढापासून मात्र संध्याकाळीं काम ऐन रंगांत आलें असतां जोडणी तुटूं लागली. कधीं ती पांच मिनिटांनीं आपोआप जुळे, कधीं अर्धा तास जुळत नसे. कित्येकदां पडद्याच्या कोपऱ्यांतील खूण पूर्ण भरलेली दिसे आणि तरीहि एक पान उघडत नसे. सकाळीं बहुधा सर्व कांहीं ठीक असे.

माझें काम म्हणजे घरांतील जुन्या मोडी कागदांचीं छायाचित्रें घेऊन तीं नीट लावणें आणि पुण्यांतील एका स्नेह्याकडे वाचनासाठीं धाडणें. दहा कागद धाडावेत आणि सातव्याला जोडणी तुटावी, असें रोज होऊं लागल्यावर मनुष्याचा स्वभाव फार काळ गोड राहत नाहीं. मीं प्रथम संशय घेतला तो इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचा. तिचा माणूस सकाळीं आला, वेग मोजून दाखविला, चहा घेऊन गेला. दुसरा संशय शेजाऱ्याचा. ते टोमॅटोचे व्यापारी. त्यांनीं आषाढांतच घरावर चार कॅमेरे आणि नवा राउटर बसविला होता. हा संशय अगदींच वेडगळ नव्हता. बहुतेक घरांतील बिनतारी यंत्रें २.४ गिगाहर्ट्‌झच्या एकाच अरुंद पट्ट्यांत बोलतात, आणि एकमेकांना न अडविणाऱ्या वाटा त्यांत जेमतेम तीन आहेत. तेव्हां शेजाऱ्याच्या यंत्राचा उपद्रव होऊं शकतो हें शास्त्राला धरून आहे. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन, तुमचे कॅमेरे आले आणि आमचें सुख गेलें, असें ज्या स्वरांत बोललों तो स्वर मात्र कोणत्याहि शास्त्राला धरून नव्हता. त्यांनीं मुकाट्यानें दोन दिवस कॅमेरे बंद ठेवले. दोन्ही दिवस जोडणी तुटली. तरीहि माझा संशय सर्वस्वीं गेला नाहीं, हें नमूद करून ठेवतों.

तिसरा आरोपी म्हणजे मंचरचा एक तरुण. मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी बांधून तो आंबेगांव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांतील गांवें फिरतो व संगणक दुरुस्त करतो. पहिल्या खेपेस त्यानें पेटी उघडून धूळ झाडली, कार्ड काढून सोन्याचा मुलामा असलेले त्याचे दांत पुसले व तें पुन्हां घट्ट बसविलें. विजेची बचत करण्यासाठीं संगणक या कार्डाला मधूनमधून झोपवितो. ती सोय त्यानें बंद केली. कार्ड चालविणारी आज्ञावली, जिला ड्रायव्हर म्हणतात, ती नवी घातली, आणि राउटरची वाट बदलली. दोष कमी झाला पण गेला नाहीं. दिवाळीनंतर तो पुन्हां आला व नवें कार्ड बसवून गेला. आठ दिवस जोडणी एकदांहि तुटली नाहीं. मीं त्याची पांच ठिकाणीं तारीफ केली. नवव्या दिवशीं संध्याकाळीं ती तुटली, आणि दहाव्या दिवशीं मीं निष्कर्ष काढला कीं यानें नव्या खोक्यांत जुनें कार्ड घालून मला फसविलें. त्याच्या मजुरीचे सहाशें रुपये द्यावयाचे राहिले होते ते मीं दिले नाहींत. फोनवर त्याला जें बोलावयाचें तें बोललों, आणि ज्या पांच ठिकाणीं तारीफ केली होती त्या पांचहि ठिकाणीं जाऊन ती परत घेतली. त्यांतील तीन घरांनीं पुढें दुसरा कारागीर बोलाविला.

मला जें सांगावयाचें आहे त्याचा गाभा येथेंच आहे. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गांठ पडली, याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात, आणि तो आपण नेहमीं दुसऱ्याच्या अंधश्रद्धेला उद्देशून वापरतों. कार्ड बदललें व जोडणी सुधारली, म्हणून मुलगा हुशार. जोडणी पुन्हां बिघडली, म्हणून मुलगा लबाड. माझीं हीं दोन्ही अनुमानें एकाच कावळ्यावर बसलेलीं होतीं. परंतु शाबासकी देतांना मला तिच्या पुराव्याची गरज भासली नाहीं, कारण शाबासकी चुकली तरी कोणाचें कांहीं जात नाहीं, असें मला वाटलें असावें. प्रत्यक्षांत ज्या सैल तर्कानें आपण कोणाला डोक्यावर घेतों, त्याच सैल तर्कानें त्याला खालीं आपटतों. माझी तारीफ जर नीट तपासलेली असती, तर माझी निंदाहि आपोआप तपासली गेली असती.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह संस्कृतच्या विद्यार्थ्यांना वाचावा लागे. कार्याच्या आधीं जें नियमानें असतें तें कारण, ही व्याख्या आम्हीं पाठ केली होती; पण तिच्याबरोबर नैयायिकांनीं एक पथ्यहि सांगून ठेवलें आहे. आधीं असलेलें सर्वच कांहीं कारण नव्हे. कुंभाराच्या गाढवानें माती वाहून आणली, तें घट होण्याच्या पूर्वीं अंगणांत उभें होतें, म्हणून तें घटाचें कारण होत नाहीं. तें अन्यथासिद्ध, म्हणजे त्याच्यावांचूनहि काम भागण्याजोगें. या रासभाच्या उदाहरणाला आम्ही वर्गांत हंसत असूं. पन्नास वर्षांनंतर माझ्या अंगणांत तेंच गाढव उभें राहिलें तेव्हां मीं त्याला ओळखलें नाहीं. शेजाऱ्याचे कॅमेरे हें गाढव होतें. नवें कार्ड हेंहि गाढव होतें. माती खरोखर कोण मळीत होतें तें मला दिसत नव्हतें, आणि न दिसणाऱ्या कुंभारापेक्षां दिसणाऱ्या गाढवाला दोष देणें मनाला सोपें जातें.

आमच्या तालुक्यांत याचें रोजचें उदाहरण बिबट्याचें. बिबट्या येथें कल्पित नाहीं. उसांत त्याचीं पिलें वाढतात, त्यानें माणसें मारलीं आहेत, आणि जुन्नरजवळ माणिकडोहला त्याच्यासाठीं निवारा केंद्र आहे. परंतु तो खरा आहे, म्हणूनच कुत्रें गाडीखालीं सांपडून मेलें किंवा कोंबडी मुंगसानें नेली तरी पहिलें नांव त्याचेंच निघतें. ज्यानें शंभरांतले साठ गुन्हे केले आहेत त्याच्यावर उरलेले चाळीसहि सहज खपून जातात. संगणकाच्या बाबतींत खेडोपाडींच्या कारागिराची तीच गत आहे. जुना सुटा भाग नवा म्हणून बसविणारे कांहीं असतात हें मीं ऐकलें होतें. तेवढ्या ऐकिवावर मीं या मुलाचा निकाल लावला.

एक गोष्ट मध्येंच सांगून टाकतों. संगणक बिघडला कीं तो बंद करून पुन्हां चालू करावा, हा उपाय आतां सर्वांना ठाऊक आहे, आणि आठांपैकीं पांच वेळां तो लागू पडतो. माझाहि तोच नित्यनेम झाला होता. त्याविषयीं माझी तक्रार अशी कीं त्यानें दोष जातो तसा दोषाचा पुरावाहि जातो. यंत्राच्या पोटांत त्या क्षणीं काय अडलें होतें, कोणती क्रिया अर्धवट राहिली होती, हें सर्व पुसून पाटी कोरी होते व आपण समाधानानें पुढें जातों. त्यांत वाईट काय, असें कोणी विचारील. ज्याला रेल्वेचें तिकीट काढावयाचें आहे त्याच्या दृष्टीनें कांहींच नाहीं. परंतु तीच गोष्ट रोज करणारा माणूस दोष बरा करीत नसून त्याच्याशीं तह करीत असतो, आणि तहाची खंडणी दुसऱ्याकडून वसूल करण्याची त्याला हळूहळू संवय लागते. घरांतील कित्येक भांडणें आपण याच रीतीनें मिटवितों, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. पण तो विषय वेगळा.

या अंधारांतून मी बाहेर आलों तो खोडदच्या वाटेनें. नारायणगांवापासून थोड्या अंतरावर खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथें आकाशाकडे तोंड करून आहेत. चौदा मध्यभागीं एका चौरस किलोमीटरच्या आंत दाटीनें, आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर, सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या विस्तारांत. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञानें ही कल्पना मांडली व तडीस नेली; २००१ सालीं ती राष्ट्राला अर्पण झाली. भरीव पत्र्याऐवजीं दोरखंडांवर ताणलेल्या जाळीच्या तबकड्या केल्यानें खर्च आणि वाऱ्याचा जोर दोन्ही आटोक्यांत राहिले. जागा निवडतांना ज्या गोष्टी पाहिल्या त्यांत एक ही होती कीं येथें मनुष्यानें केलेला बिनतारी गोंगाट थोडा होता व भोंवतालच्या डोंगरांचा आडोसा होता. शेजारीं आर्वी येथें १९७१ सालीं उपग्रहामार्फत परदेशांशीं बोलण्याचें केंद्र उभें राहिलें होतेंच. ज्या तालुक्यानें एवढे मोठे दोन कान जगाला दिले, त्याच तालुक्यांत माझ्या माडीवरील दोन बोटांचा कान बहिरा व्हावा, याची मला थोडी गंमतहि वाटे.

दरवर्षीं २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनीं, तेथें प्रदर्शन भरतें व गांवोगांवचीं शाळकरी मुलें लोटतात. नववीत शिकणारी माझी नात मला यंदा घेऊन गेली. तबकड्यांपाशीं खिशांतले मोबाइल बंद करण्यास सांगतात. आकाशांतून येणारी ऊर्जा इतकी क्षीण असते कीं ती मोजण्याचें एकक म्हणजे एका चौरस मीटरवर, एका हर्ट्‌झमागें, एका वॅटचा एक भागिले दहाचा सव्विसावा घात. त्या मानानें खिशांतला फोन म्हणजे कानाशीं उडविलेली तोफ. तेथील एक तरुण अभियंता मुलांना समजावून सांगत होता कीं नवीन कांहीं ऐकूं आलें म्हणजे तें आकाशांतलें आहे असें ते लगेच धरीत नाहींत. आधीं विजेच्या तारांवरील ठिणग्या शोधतात, आणि त्याच्याहि आधीं स्वतःचीं यंत्रें. संगणकसुद्धां लहरी सोडतात, म्हणून ते धातूच्या बंदिस्त कोठडींत ठेवावे लागतात. नातीनें विचारलें, "पण आपलाच आवाज आहे हें ओळखायचं कसं?" तो म्हणाला, "एकेक बंद करून बघायचं. आणि वेळ लिहून ठेवायची."

वेळ लिहून ठेवणें ही किती मोठी विद्या आहे हें या दुर्बिणीच्या कुळाचा इतिहासच सांगतो. अमेरिकेंत बेल कंपनीच्या नोकरींत असलेल्या कार्ल जान्स्की याला १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत एक नीरस काम दिलें होतें : समुद्रापलीकडच्या बिनतारी टेलिफोनांत खरखर कशानें येते तें शोधणें. जवळच्या वादळांची खरखर त्यानें वेगळी काढली, दूरच्या वादळांची काढली. एक मंद, सतत चालणारा फुत्कार तेवढा उरला. दिवसांतून एकदां तो चढे व उतरे, म्हणून प्रथम सूर्यावर संशय गेला. परंतु टिपणें कित्येक महिने चालू ठेवल्यावर दिसलें कीं हा फेरा चोवीस तासांचा नसून तेवीस तास छप्पन्न मिनिटांचा आहे, म्हणजे सूर्याचा नव्हे, ताऱ्यांचा. त्या चार मिनिटांच्या फरकानें सूर्य निर्दोष सुटला, आणि १९३३ सालीं जगाला कळलें कीं आकाशगंगा ऐकूं येते. वर सांगितलेल्या एककाला याच जान्स्कीचें नांव आहे.

याच्या उलट गोष्ट ऑस्ट्रेलियांतील पार्क्स येथील दुर्बिणीची. तेथें १९९८ पासून अधूनमधून क्षणिक असे विचित्र स्पंद नोंदले जात. पृथ्वीवरचेच असावेत असा तर्क होता, पण कोठून येतात तें कळेना. २०१५ सालीं उलगडा झाला. केंद्रांतीलच अन्न गरम करण्याची मायक्रोवेव्ह भट्टी चालू असतां कोणी घाईनें तिचें दार उघडलें कीं तो स्पंद उमटे. सतरा वर्षें ज्याचा पाठलाग चालला होता तो चोर माजघरांत जेवत होता. त्यांची थोरवी मला अशी वाटते कीं शोध लागल्यावर त्यांनीं तो लपविला नाहीं. आपल्याच भट्टीचें नांव घालून निबंध प्रसिद्ध केला.

घरीं आल्यावर नातीनें एक शंभरपानी वही टेबलाला दोरीनें बांधली. जोडणी केव्हां तुटली, केव्हां जुळली, त्या वेळीं घरांत काय काय चालू होतें, मी काय करीत होतों. मीं पहिले चार दिवस कुरकुर केली, नंतर संवय झाली. अठरा दिवसांनंतर तिनें वही पुढें ठेवून विचारलें, "आजोबा, प्रत्येक वेळीं तुम्ही फोटो त्या काळ्या डबींत घालत होतां. ती डबी कधीं आणली?"

काळी डबी म्हणजे बाहेरून लावावयाची हार्ड डिस्क. जांवयांनीं ती मला गेल्या ज्येष्ठांत दिली. रोज संध्याकाळीं मोडी कागदांचीं छायाचित्रें एका बाजूनें पुण्यास धाडावींत व दुसऱ्या बाजूनें या डिस्कवर उतरवून ठेवावींत, हा माझा क्रम आषाढापासून सुरू झाला. तिची आंखूड तार मी संगणकाच्या पाठीमागील निळ्या यूएसबी खांचेंत लावीत असें. त्या खांचेपासून कार्डाच्या अँटेना चार बोटांवर. काम संपलें कीं डिस्क काढून कपाटांत कुलपाबरोबर. आम्हीं तेथल्या तेथें परीक्षा केली. डिस्क लावून छायाचित्रें उतरवूं लागतांच तीन मिनिटांत जोडणी तुटली. डिस्क काढली, ती जुळली. पुन्हां लावली, पुन्हां तुटली. मग आम्हीं कपाटांतलें जुनें कार्ड काढून बसविलें आणि सर्व प्रयोग पहिल्यापासून केला. जुन्या कार्डाचेंहि वर्तन तंतोतंत तेंच. शेवटीं पाठीमागच्या खांचेऐवजीं पुढल्या बाजूची जुनी, मंद खांच वापरली. डिस्क सावकाश चालली, आणि दोन्ही कार्डें निर्दोष चाललीं. एक असतां दुसरें असतें, एक नसतां दुसरें नसतें, याला नैयायिक अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. यांतला नुसता अन्वय मला आठ महिने पुरला होता.

कारण कळल्यावर त्याचें शास्त्र सोपें आहे, व तें गुप्तहि नाहीं. निळ्या खांचेंतून, म्हणजे यूएसबीच्या तिसऱ्या पिढीच्या मार्गानें, दर सेकंदाला पांच अब्ज चिन्हांच्या वेगानें मजकूर धांवतो. त्या धांवपळीचा कांहीं भाग तारेंतून व खांचेंतून बाहेर सांडतो, आणि हें सांडणें २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांतहि पडतें. इंटेल कंपनीच्या अभियंत्यांनीं २०१२ सालींच यावर टिपण प्रसिद्ध केलें आहे. कोपऱ्यांतील खूण भरलेली कां दिसे याचाहि मग उलगडा झाला. ती खूण राउटरचा आवाज किती मोठा आहे एवढेंच सांगते. ऐकणाऱ्याच्या कानाशीं वाजंत्री वाजत आहे हें ती सांगत नाहीं. नवें कार्ड बसविल्यावर आठ दिवस सुखाचे कां गेले, तेंहि वहीवरून नव्हे पण मुलीच्या आठवणीवरून निघालें. भाऊबीजेला आलेली मुलगी परत जातांना ती डिस्क पुण्याला घेऊन गेली होती, नातेवाइकांना कागद दाखविण्यासाठीं. आणि आठ दिवसांनीं ती परत आली.

माझे एक वकील मित्र आहेत. त्यांना हें सर्व सांगितल्यावर ते म्हणाले कीं यांत अपराध कसला? हातांत होता तेवढ्या पुराव्यावर तुम्हीं मत बनविलें. संशयाचा फायदा आरोपीला देणें हा न्यायालयाचा नियम आहे, संसाराचा नव्हे. संसारांत मनुष्य शंकेवरूनच दूधवाला बदलतो, वैद्य बदलतो, सिद्धता होईपर्यंत थांबला तर त्याचें दूध नासेल. या म्हणण्यांत तथ्य आहे, व तें मीं बराच काळ मनांत घोळविलें. मला वाटतें त्यांत दोन निराळ्या गोष्टी एका पिशवींत घातल्या आहेत. शंका आल्यावर मीं त्या मुलाला पुन्हां बोलाविलें नसतें, संगणक दुसऱ्याला दाखविला असता, तर तो माझा अधिकार होता. संगणक माझा आहे. परंतु त्याचें नांव माझें नव्हतें. पांच घरीं जाऊन जें मीं काढून घेतलें तें माझ्या मालकीचें नसून त्याच्या पोटापाण्याचें होतें, आणि त्यासाठीं लागणारा पुरावा वेगळ्या वजनाचा असावयास हवा होता. शिवाय चूक आणि लबाडी यांतला फरकहि मीं बुडविला. त्याचें निदान चुकलें होतें, हें खरेंच आहे. कार्ड बदलण्याची गरज नव्हती. पण चुकलेलें निदान मीं एका रात्रींत कपट करून टाकलें, कारण चुकीवर रागावून तितकें समाधान होत नाहीं.

वकिलांनीं यावर विचारलें कीं मग सहाशें रुपयांचें काय? ते दिले नाहींत हेंहि तुमच्या अधिकारांत येतें कीं काय? मी गप्प बसलों. येत नाहीं असें मला वाटतें, पण ज्या कामानें दोष गेला नाहीं त्याची मजुरी किती, याचा नियम मला सांगतां येत नाहीं. वैद्याला आपण रोग न गेला तरी देतों.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीं मी मंचरला गेलों. पुणें-नाशिक रस्त्यालगतच्या एका गाळ्यांत तो दुसऱ्या कोणाची पेटी उघडून बसला होता. मीं सर्व सांगितलें. आधीं त्याला डिस्कचें कौतुक. खांच कोणती, तार केवढी, किती अंतर, हें त्यानें तीन वेळां विचारून एका डायरींत लिहिलें. मग तो म्हणाला, "सर, पहिल्या दिवशीं मी तुम्हांला विचारलं होतं, पाठीमागं अजून काय लावता का. तुम्ही नाहीं म्हणालात."

तें मला आठवलें. तो सकाळीं आला होता, डिस्क कपाटांत होती, आणि मीं पाठीमागें पाहून प्रामाणिकपणें नाहीं म्हटलें होतें. दुरुस्त करणाऱ्याच्या हातांत मालकाच्या शब्दाखेरीज दुसरें प्रमाण कितीसें असतें? प्रश्न बरोबर होता. उत्तर माझें होतें. सहाशें रुपये त्यानें घेतले. वर मीं कार्डाची किंमत देऊं केली, कारण माझ्याच शब्दामुळें त्याचें निदान फसलें होतें. पण कार्डाचे पैसे तुम्हीं तेव्हांच दिले आहेत, म्हणून ती त्यानें घेतली नाहीं. पांच घरीं मी पुन्हां जाऊन आलों आहें. दोघांनीं ऐकून घेतलें, एकानें विषय बदलला, एकाला मूळ गोष्टच आठवत नव्हती. पांचव्या घरच्या बाई म्हणाल्या कीं आतां दुसरा मुलगा नीट काम करतो, त्याला कशाला मोडतां? शेजाऱ्यांकडे मात्र माझ्या आधींच माझी नात जाऊन आली होती. त्यांनीं टोमॅटोचा एक क्रेट पाठवून दिला, तो परत कसा करावा हें मला समजलें नाहीं.

वही अजून टेबलाला बांधलेली आहे. डिस्क आतां पुढच्या खांचेंत असते, आणि तरीहि या महिन्यांत दोनदां जोडणी तुटली : एकदां दुपारीं सव्वातीन वाजतां, एकदां रात्रीं, डिस्क कपाटांत असतां. दुसऱ्या वेळीं पाऊस पडत होता. दोन्ही नोंदी नातीच्या अक्षरांत आहेत. कारणाचा रकाना तिनें कोरा ठेवला आहे.